गच्चीवरचा सौरसंच : पॅनेल पाहण्याआधी गच्ची पाहा

मुंबईच्या उपनगरांतील सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभांमध्ये पूर्वी गळती, पार्किंग आणि थकबाकी हे तीन विषय हमखास रंगत. आता त्यांत चौथ्या विषयाची भर पडली आहे. गच्चीवर सौरसंच बसवावा की नाही, हा तो विषय. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे यांचे वाढते बिल सदस्यांना दर महिन्याला दिसते. शेजारच्या इमारतीवर चमकणारी पॅनेलही दिसतात. त्यातच तीन-चार कंपन्यांचे प्रतिनिधी माहितीपत्रके घेऊन येतात आणि चर्चा 'कोणते पॅनेल चांगले?' या एकाच प्रश्नावर येऊन थांबते. वास्तविक हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. आधी आपले बिल, मग आपली गच्ची, त्यानंतर काम करणारा ठेकेदार आणि अखेरीस पॅनेल, असा क्रम ठेवल्यास निर्णय सहसा चुकत नाही.

या शहरातील छतांवर सूर्यप्रकाश मुबलक आहे, यात शंका नाही. पवईच्या आयआयटीतील तज्ज्ञांच्या सहभागाने २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बृहन्मुंबईच्या छतांवर सुमारे १,७२० मेगावॅट क्षमतेचे सौरसंच बसू शकतात, असा अंदाज मांडण्यात आला होता आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा निवासी इमारतींचा होता. त्याच संस्थेतील राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्राने २०१३ पासून देशभरातील पॅनेलांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. उष्ण हवामानातील, तसेच इमारतींच्या छतांवरील लहान संचांतील पॅनेलांची क्षमता जमिनीवरील मोठ्या प्रकल्पांच्या तुलनेत वेगाने घटते, असे तीत आढळले. छतावर उष्णता अधिक असते हे त्याचे एक कारण. साहित्याची निवड, हाताळणी आणि उभारणी यांतील हलगर्जी हे दुसरे. मोठ्या प्रकल्पावर अभियंत्यांची नजर असते. सोसायटीच्या गच्चीवर ती नजर पदाधिकाऱ्यांनाच ठेवावी लागते.

आधी बिल वाचा

सोसायटीच्या सामायिक मीटरची गेल्या बारा महिन्यांची बिले समोर ठेवावीत आणि तीन गोष्टी टिपून घ्याव्यात : दरमहा वापरलेली युनिटे, मंजूर भार आणि शेवटच्या युनिटाला पडलेला दर. विजेचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात. सोसायटीच्या सामायिक वापरालाही घरगुती दरच लागू होतो. मात्र एकाच मीटरवर वापर एकवटल्यामुळे त्यातील बराचसा भाग सर्वांत महाग टप्प्यात जातो. सौरवीज प्रथम हाच महाग टप्पा कापते. त्यामुळे कमी वीज वापरणाऱ्या एकट्या सदनिकेपेक्षा सामायिक मीटरला सौरसंचाचा फायदा अधिक होतो. स्थिर आकार मात्र कायम राहतो. 'बिल शून्य' या जाहिरातीतील शब्दाचा अर्थ तेवढ्यापुरताच घ्यावा.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सामायिक मीटरला जोडलेल्या संचाची वीज त्याच मीटरच्या बिलात वळती होते. सदस्यांच्या घरच्या बिलात ती आपोआप उतरत नाही. सदस्यांना होणारा लाभ मासिक देखभाल शुल्काच्या रूपानेच मिळतो, हे सभेत आधीच स्पष्ट केल्यास पुढील वाद टळतात.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे. आपल्या भागात १ किलोवॅटचा संच महिन्याला सरासरी १२० युनिटे वीज देतो, वर्षाला साधारण १,४०० युनिटे. दरमहा १,८०० युनिटे लागत असतील, तर १५ किलोवॅट पुरेसे होतात. ही सरासरी आहे, याचे मात्र भान ठेवावे. एप्रिलच्या तुलनेत जुलै-ऑगस्टमधील निर्मिती निम्म्यावर येऊ शकते.

गच्चीची परीक्षा

१ किलोवॅटसाठी साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा धरतात. 'सावलीविरहित' हा शब्द येथे महत्त्वाचा. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, मोबाइलचे मनोरे आणि कठडे यांची सावली वगळली, की ४,००० चौरस फुटांच्या गच्चीतील प्रत्यक्ष उपयोगाची जागा बरीच आटते. मुंबईत मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, हे वाचकांना ठाऊक असेलच. डिसेंबरमध्ये मात्र भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो आणि वस्तूची सावली जवळपास तिच्या उंचीइतकी लांब, उत्तरेकडे पडते. यास्तव आपल्या दक्षिणेला आपल्या गच्चीपेक्षा ३० मीटर उंच इमारत असेल, तर हिवाळ्यात तिची दुपारची सावली २७-२८ मीटरपर्यंत पोहोचेल. सकाळ-संध्याकाळची सावली त्याहून कितीतरी लांब. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत चार मजली इमारतींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. आज मोकळे दिसणारे दक्षिणेचे आकाश पाच वर्षांनी तसेच राहील का, याची चौकशी शेजारच्या सोसायटीकडे करायला संकोच वाटू देऊ नये.

दुसरा प्रश्न आपल्याच इमारतीच्या आयुष्याचा. पॅनेलांचे आयुष्य २५ वर्षे धरले जाते. इमारत तेवढी उभी राहणार आहे का? आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, तर ३० वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावयाची असते. ताजा अहवाल हाती नसेल, तर सौरसंचाचा विषय तिथेच थांबवावा. अहवाल असल्यास त्याच अभियंत्याकडून संच आणि सांगाडा यांचा भार गच्ची पेलू शकते, असे लेखी प्रमाणपत्र घ्यावे. पुनर्विकासाची बोलणी सुरू असतील, तर खर्च भरून निघण्यास लागणारा काळ आणि इमारत रिकामी करण्याची संभाव्य तारीख यांची तुलना करावी. पॅनेल उतरवून दुसरीकडे नेता येतात. सांगाडा, वायरी आणि मजुरी यांवरील पैसा मात्र वाया जातो.

तिसरा प्रश्न गळतीचा, आणि मुंबईत तो सर्वांत नाजूक. बहुतेक गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून वॉटरप्रूफिंग केलेले असते. सांगाड्याचे पाय रोवण्यासाठी त्यात छिद्रे पाडली, की पहिल्याच पावसात सर्वांत वरच्या मजल्यावरील सदस्याच्या छताला ओल येते आणि दोष ठेकेदाराचा की जुन्या कोब्याचा, हा वाद सुरू होतो. त्यावर उपाय दोन. स्लॅबला न भोसकता काँक्रीटचे ठोकळे बसवून त्यांवर सांगाडा उभारणे, किंवा इमारतीच्या खांबांच्या डोक्यावरून पाय उचलून तेथील वॉटरप्रूफिंग नव्याने करणे. ठोकळ्यांमुळे वजन वाढते, म्हणून तेही अभियंत्याच्या हिशेबात हवे. वॉटरप्रूफिंग लवकरच करावयाचे असेल, तर ते आधी उरकावे आणि संच नंतर बसवावा.

वारा आणि खारी हवा

गच्ची वापरात राहावी म्हणून उपनगरांत सात-आठ फूट उंच सांगाड्यावर पॅनेल बसविण्याची पद्धत रूढ झाली आहे. पॅनेल जितके उंच, तितका त्याला वारा अधिक. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरलेला आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरच्या झोताची नोंद झाली होती. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात महाकाय जाहिरात फलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ जणांचा बळी गेला. वाऱ्याला अडविणारा मोठा पृष्ठभाग आणि त्याला न साजेसा पाया यांचा परिणाम काय होतो, हे या शहराने पाहिले आहे. सौरसंचाचा सांगाडा हाही वारा अडविणारा पृष्ठभागच होय. त्याच्या आराखड्यावर परवानाधारक संरचना अभियंत्याची सही नसेल, तर ते दरपत्रक कितीही स्वस्त असले तरी बाजूला ठेवावे.

वर्सोव्याचा किनारा, गोराईची आणि मुलुंड-ठाण्याची खाडी यांमुळे हवेतील क्षार लोखंड लवकर खातात. सांगाडा गरम जस्तात बुडवून मुलामा दिलेला असावा. जागेवर वेल्डिंग करून वर रुपेरी रंग फासलेला नसावा. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. अंधेरी, विलेपार्ले, घाटकोपर या विमानतळालगतच्या भागांत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत पत्रातील उंचीची मर्यादा पाण्याची टाकी, अँटेना, वीजरोधक अशा सर्व गोष्टींसह मोजली जाते. इमारत आधीच त्या मर्यादेला टेकली असेल, तर उंच सांगाड्याचा बेत करण्यापूर्वी ते पत्र काढून पाहावे.

संचात काय काय असते

पॅनेलवर पडलेल्या उन्हातून एकदिश वीज तयार होते. इन्व्हर्टर तिचे घरात चालणाऱ्या प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करतो. तिथून ती मीटरमार्गे वापरात किंवा कंपनीच्या जाळ्यात जाते. पॅनेल भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र असलेले आणि केंद्राच्या मान्यताप्राप्त यादीतील घ्यावे. अनुदान हवे असल्यास पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही देशी बनावटीचे असणे बंधनकारक आहे. नामांकित कंपन्यांच्या पॅनेलांत आज फरक थोडा उरला आहे. बहुतेक जण साहित्यावर बारा वर्षांच्या आसपास आणि निर्मितीक्षमतेवर २५ वर्षे हमी देतात. ही हमी पॅनेल बनविणाऱ्याची असते, बसविणाऱ्याची नव्हे. म्हणून प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक असलेली यादी आपल्या ताब्यात हवी.

इन्व्हर्टर हा संचातील सर्वांत आधी बिघडणारा घटक. त्याचे सेवा केंद्र मुंबई परिसरात आहे का आणि बिघाड झाल्यास किती दिवसांत बदलून मिळेल, हे विचारावे. तो उन्हापावसात उघड्यावर न ठेवता सावलीत, हवेशीर जागी बसवावा. पॅनेलकडून येणाऱ्या वायरींत कित्येकशे व्होल्टचा दाब असतो आणि ऊन आहे तोवर तो बंद करता येत नाही. सैल किंवा न जुळणारे कनेक्टर हे आगीचे कारण ठरू शकतात. पॅनेल, इन्व्हर्टर आणि वीजरोधक यांना स्वतंत्र अर्थिंग, दोन्ही बाजूंना संरक्षक उपकरणे आणि अग्निशमन दलासाठी स्पष्ट दिसेल असा बंद करण्याचा खटका हवाच. गच्चीवरील येण्याजाण्याची वाट आणि टाकीकडे जाणारा मार्ग कोणत्याही परिस्थितीत अडवू नये.

आणखी एक अपेक्षा वेळीच सोडलेली बरी. जाळ्याशी जोडलेला साधा सौरसंच वीज गेल्यावर आपणही बंद पडतो. दुरुस्ती करणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठी ही योजना आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली, तशा प्रसंगी भर उन्हातही अशा संचावर लिफ्ट चालणार नाही. त्यासाठी बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो आणि मुंबईत वीज क्वचितच जात असल्याने तो सहसा परवडत नाही.

वीज कंपनी आणि नेट मीटर

अर्ज ज्या कंपनीचे बिल येते तिच्याकडे करावयाचा. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथे अदानी इलेक्ट्रिसिटी किंवा टाटा पॉवर यांची बिले येतात, तर मुलुंड-भांडुपचा पट्टा मुख्यत्वे महावितरणकडे आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार नेट मीटर बसते आणि घेतलेल्या विजेतून दिलेली वीज वजा होते. शिल्लक युनिटे पुढील महिन्यांत वापरता येतात. ३१ मार्चला वर्षाचा हिशेब होतो आणि उरलेली युनिटे आयोगाने ठरविलेल्या दराने कंपनी विकत घेते. हा दर आपण विजेसाठी मोजतो त्याहून बराच कमी असतो. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात उपयोगी पडते, फेब्रुवारी-मार्चची मात्र स्वस्तात जाते. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसविण्यात शहाणपण नाही. दिवसाच्या वेळेनुसार आकारले जाणारे दर आपल्या जोडणीला लागू आहेत का आणि असल्यास शिल्लक युनिटे कशी वळती होतात, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारणा झाली. तीनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही. त्याहून मोठ्या संचांसाठी ती १५ दिवसांत पूर्ण व्हावयास हवी.

अनुदान आणि खर्च

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत मंजूर आहे. बंगला, बैठे घर किंवा गावठाणातील स्वतःचे छत असलेल्या कुटुंबाला पहिल्या २ किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. गृहनिर्माण सोसायट्यांना सामायिक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. त्यासाठी प्रतिघर ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट अशी मर्यादा आहे. अनुदान संच सुरू झाल्यानंतर ग्राहकाच्या खात्यात जमा होते. सुरुवातीची रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. सौरसाहित्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. दरपत्रकातील कराची ओळ त्यादृष्टीने तपासावी.

उदाहरणादाखल १५ किलोवॅटचा संच घेऊ. उंच सांगाड्यासह किलोवॅटला ६५,००० रुपये खर्च धरल्यास एकूण ९ लाख ७५ हजार. अनुदान २ लाख ७० हजार. सोसायटीचा निव्वळ खर्च ७ लाख ५ हजार. वर्षाला २१,००० युनिटे आणि युनिटामागे १० रुपये बचत धरल्यास २ लाख १० हजार वाचतात. सफाई-देखभालीचे २० हजार वजा केल्यास खर्च पावणेचार वर्षांत भरून निघतो. हे आकडे केवळ नमुन्यासाठी आहेत. आपल्या बिलातील दर आणि हाती आलेले दरपत्रक घालून हाच हिशेब पुन्हा मांडावा. सावलीमुळे निर्मिती पाव हिश्शाने घटली, तर हाच कालावधी पाच वर्षांवर जातो.

खर्च न करता संच बसवून देण्याची योजनाही काही कंपन्या पुढे ठेवतात. संच त्यांच्या मालकीचा राहतो आणि सोसायटी ठरावीक दराने वीज विकत घेते. करार दीर्घ मुदतीचा असल्याने पुनर्विकास झाल्यास काय, दर वर्षाला दर किती वाढणार आणि मध्येच संच विकत घेतल्यास किंमत किती, ही तीन उत्तरे करारात आकड्यांनिशी असली पाहिजेत.

ठेकेदार कसा पारखावा

ठेकेदार योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर नोंदणीकृत असावा, ही अट अनुदानासाठी आहे. चांगल्या कामाची ती हमी नव्हे. किमान तिघांना गच्चीवर बोलवावे. जो गच्ची न पाहता, मोजमाप न घेता फोनवरच दर सांगतो, त्याचे नाव तिथेच खोडावे. सर्वांकडून दरपत्रके एकाच नमुन्यात मागवावीत, म्हणजे तुलना करता येते. त्यांत पुढील बाबी असाव्यात :

१) पॅनेल आणि इन्व्हर्टर यांचे नाव, नमुना क्रमांक व संख्या. 'अमुक किंवा तत्सम' असे शब्द नकोत.

२) सांगाड्याचे साहित्य, जाडी, मुलामा, उंची आणि संरचना अभियंत्याने सही केलेला आराखडा.

३) महिनावार सावली धरून काढलेला वार्षिक निर्मितीचा अंदाज आणि किमान निर्मितीची हमी. कमी पडल्यास भरपाई कशी, तेही.

४) गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला हानी झाल्यास दुरुस्तीची जबाबदारी आणि तिची मुदत.

५) नेट मीटर, अर्ज, तपासणी यांचा खर्च आणि काम पूर्ण होण्याची तारीख.

६) योजनेत अपेक्षित असलेली पाच वर्षांची देखभाल. वर्षातून किती भेटी आणि तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार.

त्याने तीन-चार वर्षांपूर्वी केलेल्या कामांची यादी मागावी आणि त्यांतील दोन गच्च्या स्वतः चढून पाहाव्यात. नव्या कामाची चमक फसवी असते, चार पावसाळे पाहिलेला सांगाडा खरे बोलतो. बोल्ट गंजले आहेत का, वायरी लोंबत आहेत का, खालच्या मजल्यावर ओल आली का, आणि सोसायटीच्या सचिवांचा फोन ठेकेदार आजही उचलतो का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

पैसे टप्प्यांनी द्यावेत. थोडी रक्कम आगाऊ, मोठा हिस्सा साहित्य गच्चीवर येऊन अनुक्रमांक तपासल्यावर, पुढचा उभारणीनंतर आणि किमान दहा टक्के नेट मीटर सुरू होऊन निर्मितीची खातरजमा झाल्यावर. कंपनीची मंजुरी हाती येण्याआधी साहित्याचे पैसे देऊ नयेत. गच्ची सर्व सदस्यांच्या सामायिक वापराची असल्याने सर्वसाधारण सभेचा ठराव, उपविधींतील मर्यादेनुसार निविदा आणि करारावर रीतसर सह्या हे टप्पे टाळू नयेत. एखाद्या सदस्याला स्वतःच्या सदनिकेसाठी गच्चीवर संच बसवावयाचा असेल, तर त्यालाही सोसायटीची लेखी ना-हरकत लागतेच.

संच बसल्यानंतर

बांधकामांची धूळ आणि कबुतरे हे उपनगरांतील पॅनेलांचे दोन शत्रू. पावसाळ्याबाहेर दर पंधरा दिवसांनी, सकाळी पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने ती पुसावीत. तापलेल्या काचेवर भरदुपारी गार पाणी मारू नये आणि पॅनेलवर पाय तर कधीच देऊ नये. बारीक तडे डोळ्यांना दिसत नाहीत, निर्मिती मात्र खातात. मे महिन्यात सर्व बोल्ट आवळून घ्यावेत आणि अर्थिंग तपासावे. रोजची निर्मिती मोबाइलवर दिसते. तिची महिन्याची बेरीज वहीत लिहून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावी. दहा टक्क्यांहून अधिक घट दिसली आणि हवामानात तसे कारण नसले, तर ठेकेदाराला लेखी कळवावे.

सौरसंच ही पंचवीस वर्षांची सोयरीक आहे. पदाधिकारी दर पाच वर्षांनी बदलतात, ठेकेदाराचे कार्यालयही बदलू शकते. टिकतात ती कागदपत्रे. अभियंत्याचे प्रमाणपत्र, आराखडा, अनुक्रमांकांची यादी, हमीपत्रे, नेट मीटरचा करार आणि मासिक निर्मितीची वही हे सारे एका फायलीत घालून सोसायटीच्या दप्तरात ठेवावे. पुढच्या समितीकडे कार्यभार देताना किल्ल्यांबरोबर ही फाईलही सोपवावी.